डाव्या गालावर ऊन

दिवाळे गावातल्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती आयेच्या हातांनी. परातीत तांदळाची भाकरी थापताना तिच्या बांगड्या एका ठेक्यात वाजायच्या. तो ठेका थांबला की समजायचं, भाकरी तव्यावर गेली आणि आता पुढची हाक आपल्या नावाची. घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी, पडवीत जाळ्यांचा ढीग, आणि दाराबाहेर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, सुकणारे बोंबील. शेजारी बेलापूरला तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या इमारती वर चढत होत्या. तिथले साहेबलोक संध्याकाळी म्हावरं घ्यायला आमच्या जेट्टीवर यायचे आणि नाकाला रुमाल लावून घासाघीस करायचे. आयेला त्याचा भयंकर राग. "खायाला पायजे, वास नको," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि वर मूठभर कोळंबी जास्तीची टाकायची. मी आज नेरुळला सातव्या मजल्यावर राहते. सुकट भाजायला घेतली की शेजारच्या वहिनी खिडक्यांच्या काचा लावून घेतात. मी भाजतेच.

माझा भाऊ जनादादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बाबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, होडीवर तोच जायचा. मग त्याला कारखान्यात नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या, आणि बा एकटा पडला. गावाला वाटलं, हा आता कुठल्यातरी पुतण्याला जोडीला घेईल. बाने मला घेतलं. मी तेव्हा नववीत होते. आमच्याकडे बाईनं म्हावरं विकायचं, सुकवायचं, त्यावरून अख्ख्या बाजाराशी भांडायचं, पण होडीवर जाऊन पकडायचं नाही. होडीला हात लावायचा तो नारळी पुनवेला, हळदकुंकवाचा. त्यामुळे घरात दोन दिवस नुसता दणका उडाला. "उद्या हिचेशी लगीन कोन करील?" असं आये भांड्यांना विचारत होती. बा एवढंच म्हणाला, "माझी पोर हाय. माझी होरी हाय." मुलगा नोकरीला गेला म्हणून नव्हे, तर माझ्यात काहीतरी पाहिलं म्हणून बाने मला निवडलं, अशी मी मनाशी गाठ बांधली. शाळेत बाकावर बसले तरी मी होडीतच असायचे. मैत्रिणींना माझा किती कंटाळा आला असेल, ते आता कळतं.

खाडीचं पाणी बघणाऱ्याला सगळीकडे सारखंच दिसतं. पण बाची त्यात एक जागा होती. तिथं पाण्याखाली खडक होता आणि खडकाच्या कडेला जिताडा मासा लागायचा. जाळं दहा हात अलीकडे पडलं तर रिकामं यायचं, दहा हात पलीकडे पडलं तर खडकाला लागून फाटायचं. ती जागा शोधायची खूण आजोबांपासून चालत आलेली. दूर दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, आकाशात धरलेल्या अंगठ्याएवढा. होडी पुढं जाईल तसा तो उलव्याच्या टेकडीमागून हळूहळू सरकत बाहेर यायचा. तो टेकडीच्या खांद्यावर नेमका येऊन बसला की वल्हं थांबवायचं आणि जाळं सोडायचं. ती टेकडी आता नाही. ती कापून सपाट केली आणि तिथं विमानं उतरतात. माझ्या गॅलरीतून ती दिसतात, आणि नातीला टेकडी कुठं होती ते दाखवायचं तर मला हवेत बोट फिरवावं लागतं.

बा मागं उभा राहून वल्हं मारायचा आणि मी त्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून, दोराची वेटोळी सांभाळत बसायचे. थोडं अंतर गेलं की तो विचारायचा, "सुलका कुठवर आला?" मी मान वळवून सांगायचे. "अजून मागं हाय." "डोका दिसला." "बसला!" बा लगेच वल्हं थांबवायचा. स्वतः मान वर करून खात्रीसुद्धा करायचा नाही, इतका त्याचा माझ्यावर विश्वास. जनादादाला त्यानं कधी असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मधूनच तो शिकवायचाही. सकाळचं ऊन डाव्या गालावर घे, म्हणजे तोंड आपोआप सुळक्याकडे राहतं. धुकं असलं तरी दिशा चुकत नाही. मी सगळं घोकून ठेवायचे. अशी दोन वर्षं गेली.

दिवाळीच्या सुट्टीत जनादादानं कर्नाळ्याला जायची टूम काढली. त्याच्या कारखान्यातली पोरं जाऊन आली होती. तिथं पक्ष्यांसाठी राखलेलं घनदाट रान आहे, आत वाटा आहेत, आणि थेट सुळक्याच्या खाली जाता येतं. "सगला जल्म लांबून बघितला, आता जवलून बघू," तो म्हणाला. बा जाळं विणत होता, विणतच राहिला. "लांबून दिसतो तं जवल कशाला जायाचा?" मला तो आळस वाटला. मी हट्टाला पेटले आणि आये माझ्या बाजूला आली. ती माझ्या बाजूला येण्याचे प्रसंग एकूणच कमी. तिनं पहाटे उठून भाकरी केल्या, सुकट कांद्यावर परतली, डब्याला फडकं बांधलं, आणि एक नारळ घेतला. नारळ कशाला, असं जनादादानं विचारलं. "खाडीत जाताना देतो ना? मंग रानात जाताना नको?"

पनवेलला एसटी बदलून आम्ही उन्हं कोवळी असतानाच फाटकाशी उतरलो. फाटकावर खाकी कपड्यातला एक वयस्कर रखवालदार होता, पांढऱ्या मिशांचा. त्यानं आधी नाक वर केलं, मग आयेची पिशवी बघितली.

"मावशी, सुकट आणलीय? माकडं सोडणार नाहीत तुम्हाला. आणि हा नारळ कशाला?"

"रानाला द्याचा."

"इथं काही द्यायचं नाही, काही न्यायचं नाही, काही तोडायचं नाही."

"मंग मानसानं कराचा काय?"

"बघायचं."

"नुसता बघायचा?" आयेला ते काही पटलं नाही. तिच्या लेखी जिथून घ्यायचं नाही आणि जिथं द्यायचं नाही, ती जागा म्हणजे दुसऱ्याचं अंगण. तरी तिनं नारळ पिशवीच्या तळाशी दडपला आणि आत गेल्यावर एका झाडाच्या बुंध्याला गुपचूप टेकवून ठेवला. आता फाटकावर पिशव्या उघडून बघतात, प्लास्टिकच्या बाटल्यांची नोंद घेतात. मला ते आवडतं. आये असती तर वाद घालत बसली असती.

आत गेल्यावर पहिल्यांदा आवाज बदलला. रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर मागं राहिली आणि पाचोळ्यावर आमचीच पावलं ऐकू यायला लागली. आम्ही उघड्यावरची माणसं. आमच्याकडे नजर टाकली की ती पार एलिफंटापर्यंत जायची. इथं दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. वेली झाडांना पिळे घालत वर गेलेल्या, खडकांवर ओलं शेवाळ, आणि ऊन म्हणजे वरून कुठूनतरी गळलेले कवडसे. एक काळाभोर पक्षी शेपटीच्या लांब दोन तारा फडकवत समोरून गेला. त्याला भीमराज म्हणतात, असं बरोबर आलेल्या रखवालदारानं सांगितलं. आये तोंडावर हात ठेवून बघत राहिली. बा मात्र पक्ष्यांकडे बघत नव्हता. तो वाटेच्या कडेकडेनं, प्रत्येक बुंध्यावर हात ठेवत चालला होता. एका झाडाची खवलेदार साल चाचपून त्यानं त्यावर बोटांनी ठोकलं आणि कान लावला. "ऐनाचा लाकूड हाय. ह्याची होरी बेस व्हईल," तो म्हणाला. रखवालदार दचकला. "बाबा, तसलं मनातसुद्धा आणू नका." सगळे हसलो. बाचा हात बुंध्यावरच होता.

वाट वळत वळत चढत गेली आणि एका ठिकाणी झाडं एकदम बाजूला झाली. मी वर बघितलं. ज्याला आम्ही अंगठ्यानं झाकत होतो तो सुळका डोक्यावर उभा होता, काळा, सरळसोट. त्याच्या कपारींना मधमाश्यांची पोळी लटकली होती. मला रडू यायला लागलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. नेमक्या त्याच वेळी माकडांनी डाव साधला. आयेच्या काखेतून डबा गेला, फडकं गेलं, आणि "मेल्या, माझी सुकट!" असं ओरडत आये एका माकडामागे, आयेमागे जनादादा आणि त्या दोघांमागे रखवालदार असे सगळे वाटेच्या वळणामागे दिसेनासे झाले. मोकळवणीत मी आणि बा दोघंच उरलो.

"बा, बघितलास?" मी म्हटलं.

बा थांबला. त्यानं उन्हाचा अंदाज घेतला, ऊन डाव्या गालावर येईपर्यंत सावकाश वळला, आणि मान वर केली. "कवरा मोठा हाय गो," तो म्हणाला. "लई साफ दिसतंय आज."

त्याच्या समोर वेलींनी भरलेलं एक झाड होतं आणि झाडामागे रिकामं आभाळ. चढताना आम्ही केव्हाच सुळक्याला वळसा घातला होता. तो बाच्या पाठीमागं होता.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो डोळे ताणून, अगदी मनापासून त्या रिकाम्या आभाळाकडे बघत होता. त्या उजेडात त्याच्या बुबुळांवर मला पांढुरकी साय दिसली. रोज समोर बसून मी ती बघितली नव्हती, कारण माझी मान सुळक्याकडे. सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. तो मान वर का करत नव्हता, जनादादाला न विचारलेलं मला का विचारत होता, बुंध्यांना हात का लावत होता.

"बा," मी म्हटलं, "सुलका तुझे पाठीला हाय."

तो वळला नाही. वळून करणार काय होता?

"आयेला सांगू नको," तो म्हणाला. "गावात कलला तं होरी इकाला लावतीन मना."

"म्हनून नेत होतास मना? डोले पायजे होते म्हनून?"

यावर त्याला सहज खोटं बोलता आलं असतं. तो नाही बोलला. "व्हय," तो म्हणाला. मग, "पन शिकवत बी होतो ना गो."

मला इतका राग आला होता की त्याचं दुसरं वाक्य माझ्या कानांत शिरलंच नाही. दोन वर्षं मी स्वतःला राणी समजत होते आणि मी निघाले आंधळ्याची काठी. मी दातओठ खाऊन त्याला सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत मी होडीत पाय ठेवणार नाही. बा डॉक्टरचं नाव काढताच ताठला. त्याच्या चुलत्याचा डोळा जत्रेत एका वैदूनं सुई घालून 'बरा' केला होता आणि म्हातारा उरलेला जन्म दोन्ही डोळ्यांनी आंधळा जगला. बाच्या लेखी इलाज म्हणजे तीच सुई. "आता निदान उजेर तरी दिसतंय," तो म्हणाला. "तो बी जाईल." तेवढ्यात आये रिकामा डबा घेऊन विजयी चेहऱ्यानं परत आली. सुकट गेली होती, पण डबा तिनं माकडाच्या हातून हिसकावून आणला होता. परतीच्या एसटीत ती ही हकीकत अख्ख्या गाडीला सांगत होती, आणि बा आणि मी दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो.

पुढचे चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी होडीवर जात नाही म्हणून आयेला आनंद झाला होता. बा एकटा जायचा आणि मी पडवीत पुस्तक उघडून, एकही ओळ न वाचता, त्याची वाट बघायचे. तो पाण्यात पडला तर, कुणाच्या लाँचसमोर आला तर, असलं सगळं डोक्यात यायचं. माझा राग कधीच ओसरला होता. उरला होता तो हट्ट, आणि तो सोडला तर बाचे डोळे गेले, एवढं मला कळत होतं. पाचव्या दिवशी तो जाळं खांद्यावर टाकून आला. जाळं मधोमध फाटलेलं. आयेनं ते पसरलं, भोक निरखलं आणि तिच्या हातातलं काम थांबलं. "खडकाला लागलाय ह्या," ती म्हणाली. "तुझं जालं? खडकाला?" तिनं आधी बाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. माझ्या तोंडून निघणार होतंच, पण बा जाळ्याजवळ उकिडवा बसला, फाटलेली कड बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "मना दिसत नाय गो. दोन वरसं झाली."

आये रडली, मग तिनं त्याला खूप शिव्या दिल्या, मग पुन्हा रडली. दुसऱ्या दिवशी ती त्याला मनगटाला धरून पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, आमच्याशी सावकाश बोलले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, आधी एक काढू, नजर येईल असं वाटतं, पण हमी देता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बानं सुईबद्दल विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. हत्यारं कशी उकळतात, किती वेळ लागतो, सगळं त्यांनी समजावलं. बानं माझा हात चाचपडत शोधून धरला आणि "करा" म्हणाला. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन चहा घेतला. बाला तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पाठीवर निजवून ठेवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही. जन्मभर लाटांवर हलणारा माणूस तो, पण एकदाही हलला नाही.

त्या दिवसांत होडी बंद ठेवून भागणार नव्हतं आणि जनादादाला रजा मिळत नव्हती. एका सकाळी आयेनं लुगड्याचा काचा आवळला आणि म्हणाली, "चल." मी तिच्याकडे बघतच राहिले. "बघतेस काय? वल्हं मी मारतंय. तुना जागा म्हाईत हाय ना?" जेट्टीवरचे पुरुष हातातली कामं टाकून बघत होते. आयेनं कुणाकडे ढुंकून बघितलं नाही. तिनं वल्हं असं मारलं की होडी आधी दोनदा गोल फिरली आणि आम्ही दोघी हसून हसून वाकलो. पुढं दाट धुकं होतं. टेकडी नाही, सुळका नाही, काही नाही. मग त्या पांढऱ्या धुक्यातून उन्हाची किंचित ऊब कुठून येते ते मी बघितलं, ती डाव्या गालावर घेतली, आणि आयेला सांगत राहिले, थोडं पुढं, अजून थोडं. धुकं विरलं तेव्हा सुळका टेकडीच्या खांद्याला टेकायला आला होता. आमच्या जाळ्यात जिताडा आला, हातभर लांब. बाचं ते दुसरं वाक्य, शिकवत बी होतो ना गो, मला त्या सकाळी ऐकू आलं.

दीड महिन्यानं चष्मा मिळाला. पनवेलच्या बाजारातलं छोटंसं दुकान, काउंटरवर आरसा. दुकानदारानं जाड भिंगाचा चष्मा बाच्या कानांवर बसवला आणि बाजूला झाला. मी मनात म्हणत होते, देवा, याला निदान रस्ता दिसू दे. भिंगामागं बाचा तो डोळा केवढा मोठा झाला होता. त्यानं आधी स्वतःचे हात बघितले, उलटे, पालटे. मग आयेकडे वळला. "तुझे केस पिकले गो," तो म्हणाला. "तुझेच पायी," आये म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. दाराबाहेर, घरांच्या वरून, दूर सुळका दिसत होता. मी घाईघाईनं त्याला हात धरून दारात आणलं आणि तिकडे बोट केलं. बा तिकडे वळलाच नाही. त्यानं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"दोन वरसं माझे समोर बसलीस गो बाय," तो म्हणाला, "आन मी तुना सुलकाच इचारत रायलो."